मूळ गांवाचा माग

दोडामार्ग हें सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या अगदीं दक्षिण टोंकाचें गांव. बाजारपेठेपासून गोव्याची हद्द हांकेच्या अंतरावर आहे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, आणि हद्दीपलीकडे डिचोली, पेडणें व सत्तरी हे गोव्याचे महाल. या टापूंतल्या एखाद्या जुन्या घरीं जाऊन 'आपण मूळचे कोठले?' असा प्रश्न केला, तर ओटीवरची वृद्ध मंडळी पुष्कळदां नुसता हात करून दिशा दाखवितात आणि म्हणतात, 'आमी पलतडचे.' पलतड म्हणजे गोवा. आतां हद्द ओलांडून सांखळीस किंवा डिचोलीस जावें आणि तोच प्रश्न तेथल्या एखाद्या घरीं विचारावा; तेथेंहि तोच हात आणि तेंच उत्तर मिळण्याचा संभव पुष्कळ आहे. फरक इतकाच कीं, त्यांची पलतड म्हणजे वाडी.

नदीचीसुद्धां येथें हीच तऱ्हा. घाटमाथ्यावरून उतरून दोडामार्गच्या गांवांतून वाहणारी तिळारी गोव्यांत शिरली म्हणजे पुढें शापोरा होते. पाणी तेंच, नांव निराळें. मात्र नदीच्या कांठाकांठानें चालत गेलें तर उगम सांपडतो. घराण्याच्या उगमाकडे जाणारी वाट तशी सरळ नाहीं. ती वाट दाखविणारे साक्षीदार दोनच : एक वडीलधाऱ्यांची आठवण, आणि दुसरें सरकारी किंवा देवस्थानचें दप्तर. हे दोघेहि बहुधा प्रामाणिक असतात, पण दोघेहि चुकतात. आणि नवल हें कीं, प्रत्येकाच्या चुका ठराविक जागींच होतात. ज्याला त्या जागा ओळखतां आल्या त्यालाच मूळ गांवाचा माग लागतो.

प्रथम त्या 'पलतडी'चाच विचार करूं. आज जी हद्द नकाशावर ठळक दिसते ती फार प्राचीन नाहीं. डिचोली, सत्तरी व पेडणें हे मुलूख पूर्वीं वाडीकर सावंत भोसल्यांच्या अमलाखालचे होते. १७४६ सालीं पोर्तुगीजांनीं हळर्णाचा किल्ला घेतला, आणि त्या विजयाच्या भरांत त्यांच्या व्हाइसरॉयास हळर्णाचा मार्किस हा किताब मिळाला. पुढें पंचवीस-तीस वर्षें ठाणीं घेणें, सोडणें, पुन्हां घेणें असा खेळ चालला. १७८० नंतर डिचोली व सत्तरी पोर्तुगीजांकडे कायमचीं राहिलीं, आणि १७८८ सालीं, कोल्हापूरकरांच्या दडपणानें बेजार झालेल्या खेम सावंतांनीं पोर्तुगीजांच्या मदतीच्या आशेनें पेडणेंहि देऊन टाकलें. या नव्यानें मिळविलेल्या मुलुखास पोर्तुगीज दप्तरांत 'नव्या काबिजादी' म्हणतात.

याचा अर्थ असा कीं, १७५० च्या आधीं जो माणूस सांखळीहून उठून मणेरीस किंवा भेडशीस येऊन राहिला, त्यानें कोणतीच हद्द ओलांडली नव्हती. तो एकाच धन्याच्या मुलुखांत, दोन कोसांवरच्या गांवीं आला. कदाचित् सासुरवाडीची जमीन कसायला, कदाचित् भावाशीं न पटल्यामुळें. त्याच्या नातवाच्या हयातींत मात्र दोन गांवांमध्यें परकीय राज्याची सीमा उभी राहिली. मग त्या साध्या स्थलांतराला 'आजोबा फिरंग्यांच्या राज्यांतून निघून आले' असें रूप आलें, आणि पणतवाच्या तोंडीं त्याचें 'धर्म राखण्यासाठीं रातोरात पळून आले' असें झालें. यांत कोणी लबाडी केली असें नव्हे. ज्या गोष्टीला कारण सांगतां येत नाहीं तिला माणूस आपल्या काळांत पटेल असें कारण जोडतो, एवढेंच.

हद्द झाल्यावरहि माणसें थांबलीं नाहींत. वाडींत १८४४-४५ सालीं बंड झालें, मनोहरगड पडला, आणि बंडवाल्यांपैकीं कित्येकांनीं गोव्यांत आसरा घेतला. उलट बाजूस सत्तरींत राण्यांचीं बंडें झालीं. दीपाजी राण्यांचें १८५२ सालीं आणि दादा राण्यांचें १८९५ सालीं. अशा धामधुमींत सत्तरींतल्या कुणब्याला हद्दीपलीकडचें रान जवळचें वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं. शेवटीं १९५५ सालीं, सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर, ती सीमा बंदच झाली. आणि १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त होईपर्यंत मामा एका देशांत आणि भाचा दुसऱ्या देशांत अशी स्थिति सहा वर्षें राहिली. त्या काळांत जन्मलेलीं मुलें एकमेकांना ओळखल्यावांचूनच वाढलीं, आणि दोन्ही बाजूंच्या आठवणींचा धागा नेमका तेथें तुटला.

आतां आडनांवांकडे वळूं; कारण शहरांत राहणाऱ्या घरांना मूळ गांवाची पहिली खूण म्हणून आडनांवच दिसतें. पेडणेकर पेडण्याचे, डिचोलकर डिचोलीचे, मणेरीकर मणेरीचे, उसपकर उसपचे, हें उघड आहे. पण येथेंच पहिली फसगत होते. गांवांत राहणाऱ्याला गांवाचें नांव कोणी लावीत नाहीं. मणेरींतला माणूस मणेरींत मणेरीकर नसतो; तो दुसऱ्या गांवीं जाऊन बिऱ्हाड करतो तेव्हां तिकडचे लोक त्याला मणेरीकर म्हणूं लागतात. म्हणजे 'कर' लावलेलें आडनांव मूळ गांव सांगत नाहीं, तर शेवटचें सोडलेलें गांव सांगतें. त्याच्या आधींचीं दोन-तीन गांवें त्या एका नांवानें झांकलीं जातात.

याचें चांगलें उदाहरण शणै गोंयबाब या नांवानें प्रसिद्ध असलेल्या वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर यांचें आहे. त्यांचा जन्म १८७७ सालीं डिचोलीस झाला आणि १९४६ सालीं ते मुंबईस वारले. वालावल हें गांव मात्र कुडाळकडचें. म्हणजे आयुष्यभर गोव्याच्या भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या या गृहस्थाच्या नांवांतच सिंधुदुर्गाचें गांव बसलेलें आहे! आणि मौज अशी कीं, गोंयकारांनीं गोव्याबाहेर कोठें कोठें वस्ती केली याचा शोध घेणारें कोंकणी पुस्तक याच गृहस्थानें १९२८ सालीं प्रसिद्ध केलें. घराण्यांच्या स्थलांतराचा प्रश्न त्यांना नुसता विद्येचा नव्हता, असें मानण्यास जागा आहे.

देसाई, प्रभु, नाईक, गांवकर हीं आडनांवें त्याहून अवघड. कारण तीं गांव सांगत नाहींत, अधिकार सांगतात. गवस हें आडनांव घ्यावें. दोडामार्ग तालुक्यांत तें जितकें आढळतें तितकेंच हद्दीपलीकडे सत्तरी-डिचोलींतहि आढळतें. एवढ्यावरून सारे गवस एका मूळ पुरुषाचे म्हणणें हें सारे कुलकर्णी एका घरचे म्हणण्यासारखेंच होईल. तेथें कुलदेवता, देवक आणि सोयरसंबंध हींच जास्त विश्वासाचीं प्रमाणें होत.

आणि हीं प्रमाणें सांपडतात तीं वृद्धांच्या आठवणींत. म्हाताऱ्या माणसांना सन-संवत राहत नाहीं म्हणून त्यांचें बोलणें टाकाऊ ठरविणारे पुष्कळ असतात. हा अविचार आहे. आठवण काळाच्या बाबतींत चुकते, कारणांच्या बाबतींत तर फारच चुकते. पण नातें, वाट आणि देव या तीन गोष्टींत ती सहसा चुकत नाहीं. आजी सांगते कीं लग्नाचा पहिला विडा अमक्या गांवच्या देवीला ठेवावा लागतो, वर्षाचा नारळ अमक्या देवळांत जातो, आणि अमक्या घराण्याशीं आपला सोयरसंबंध होत नाहीं, कारण ते भाऊबंद. या तीन वाक्यांत जेवढा इतिहास असतो तेवढा कित्येकदां साऱ्या दप्तरांत नसतो. तिला 'तुमचे सासरे किती सालीं वारले?' असें विचारूं नये. 'मानमोडीच्या आधीं कीं नंतर?' असें विचारावें, म्हणजे १९१८ सालची ती साथ तिच्या डोळ्यांपुढें उभी राहते आणि उत्तर बिनचूक येतें. तिच्या आधींच्या पिढीला वाडीच्या राजांवरून काळ सांगतां येत असे. बापूसाहेब महाराज १९३७ सालीं वारले. त्यांच्या हयातींतली गोष्ट कीं नंतरची, एवढें कळलें तरी पंधरा-वीस वर्षांचा घोळ मिटतो.

पण राजांच्या नांवांनीं काळ मोजण्यांत एक खांच आहे. वाडीच्या गादीवर १६२७ पासून १८६७ पर्यंत चार खेम सावंत होऊन गेले. 'आमच्या मूळ पुरुषाला खेम सावंतांनीं जमीन दिली' अशी आठवण असली, तर ती कोणत्या खेम सावंतांची? शाहू महाराजांच्या आगमनाचा काळ पाहिलेले खेम सावंत १६७५ ते १७०९ पर्यंतचे. शिंद्यांचे जांवई आणि राजेबहादुर झालेले खेम सावंत १७५५ ते १८०३ पर्यंतचे. या दोहोंत तीन पिढ्यांचें अंतर सहज पडतें. जी गोष्ट राजांची तीच प्रजेची. आजोबांचें नांव नातवाला ठेवण्याची आपली चाल फार जुनी. त्यामुळें प्रत्येक वंशावळींत विठोबा, रामा, विठोबा, रामा अशी माळ लागते. सांगणाऱ्याच्या तोंडून दोन विठोबांचा एक होतो, किंवा एकाच विठोबाचे दोन होतात. पिढीस पंचवीस ते तीस वर्षें धरून हिशेब केला आणि तो जमत नसला, तर बहुधा कोणी तरी एखादा विठोबा गाळलेला असतो.

अशा ठिकाणीं कागद कामास येतो. पण कागद कोठें शोधावयाचा? दोडामार्गच्या घराण्याच्या वांट्याला येथें मोठी पायपीट आली आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानांत होता. मग तो रत्नागिरी जिल्ह्यांत गेला. १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा झाला. आणि १९९९ सालीं सावंतवाडींतून निघून दोडामार्ग हा स्वतंत्र तालुका झाला. पेशव्यांशीं संबंध आला असेल तर पुण्याचें पेशवे दप्तर, करवीरकरांशीं आला असेल तर कोल्हापूरचें दप्तर, इंग्रजांच्या कारभारासंबंधीं मुंबईचें पुराभिलेखागार, आणि पलतडीसाठीं पणजी. म्हणजे चार राज्यांनीं एका घराण्याचे कागद वांटून घेतले आहेत.

यांतलें पणजीचें दप्तर सर्वांत जुनें व सर्वांत नीट राखलेलें. १५९५ सालीं दियोगु द कौतु या इतिहासकाराच्या स्वाधीन तें झालें, तेव्हांपासून त्याची परंपरा चालत आली आहे. अलीकडच्या काळांत त्याची कवाडें मराठी अभ्यासकांना उघडून दिलीं तीं डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनीं. ते सत्तरींतल्या पिसुर्लें गांवचे. जन्म १८९४ चा. आरंभीं शाळामास्तर असलेला हा मनुष्य पोर्तुगीज भाषेवर प्रभुत्व मिळवून त्या दप्तराचा प्रमुख झाला, आणि त्यानें तीस वर्षें त्या कागदांची सेवा केली. पोर्तुगीजांच्या नोकरींत असलेल्या हिंदु वकिलांविषयींचे कागद त्यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केले. पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं पोर्तुगीजांचे वकील असलेले नारायण विठ्ठल धुमे यांच्यासारख्यांचे व्यवहार त्यामुळें उजेडांत आले. 'पोर्तुगेज मराठे संबंध' हा त्यांचा मराठी ग्रंथ १९६७ सालचा. दोन वर्षांनीं ते वारले. वाडीकर सावंतांचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे त्याला या माणसाच्या ऋणांतून सुटतां येणार नाहीं.

परंतु त्या दप्तरांत एक विलक्षण विरोधाभास आहे. ज्या सत्तेनें देवळें मोडलीं तिच्याच याद्यांनीं देवळांची आठवण राखिली. १५६७ सालीं साष्टींतलीं देवळें पाडलीं गेलीं, तेव्हां त्या देवळांच्या जमिनी ताब्यांत घ्यावयाच्या म्हणून कोणत्या देवाच्या नांवें कोणतें शेत, तें कोणाच्या सेवेसाठीं लावून दिलेलें, याच्या याद्या झाल्या. हेतु लोभाचा, पण आज केळशी-कुठ्ठाळीकडच्या मूळ घराण्यांना आपल्या देवाची जागा दाखवितात त्या याच याद्या. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास १५६० सालीं आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास त्याच सुमारास आली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली महालांत नार्व्यास आला, आणि १६६८ सालीं शिवाजी महाराजांनीं तेथें त्याचें देऊळ बांधविलें. तेथल्या शिलालेखांत शक १५९० आहे. ज्या घराण्याचें कुळदैवत असें हललेलें आहे, त्याच्या स्थलांतराला निदान एक पक्की खुंटी मिळते. देव ज्या वर्षीं निघाला त्या वर्षीं देवाचीं माणसेंहि निघालीं असतील. सगळींच निघालीं असें मात्र नव्हे. कांहीं मागें राहिलीं, बाटलीं, आणि आज त्यांच्या वंशजांना आपला वांगड, म्हणजे गांवकरीतली आपली शाखा, आपल्या पलतडच्या भाऊबंदांपेक्षां अधिक बिनचूक सांगतां येते. कारण त्यांची नोंद गांवकरीच्या वहींत आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत अखंड राहिली.

गांवकरीची वही हा गोव्याचा विशेष होय. त्या संस्थेच्या चालीरीतींची नोंद पोर्तुगीज अमलांत प्रथम १५२६ सालीं अफोंसु मेशिया यानें केली. गांवच्या उत्पन्नांतला वांटा, ज्याला जोण म्हणतात, तो मिळावयाचा तर अमक्याचा मुलगा, अमक्याचा नातू असें सिद्ध करून नांव चढवावें लागे. देवस्थानांचेंहि तसेंच. १८८६ सालीं माझनींचा कायदा झाला, १९३३ सालीं तो नवा झाला, आणि प्रत्येक देवळाच्या महाजनांची यादी सरकारांत ठेवावी लागली. या याद्यांमुळें 'आम्ही त्या देवीचे' या आठवणीची परीक्षा होते. दोडामार्गकडचीं कित्येक घराणीं स्वतःस गोव्यांतल्या एखाद्या देवस्थानचे महाजन समजतात आणि यादी पाहिली म्हणजे कुळावी निघतात. महाजनाला देवळाच्या कारभाराचा हक्क, कुळाव्याला फक्त सेवेचा. या शब्दावरून घरोघर मानापमान झाले आहेत. पण माग काढणाराला कुळावी असणें हीहि एक बातमीच आहे. तें घराणें देवळाच्या मूळ गांवांतलें नव्हे, मागाहून येऊन मिळालेलें, एवढें त्यावरून समजतें.

कागद वाचतांना दोन अडचणी येतात. पहिली लिपीची. वाडीकडचें दप्तर मोडींत. तींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाहीं, शब्द तोडलेले नाहींत, आणि घाईंत लिहिलेल्या कागदावर तर अक्षरहि धड ओळखूं येत नाहीं. पोर्तुगीज कागदांत उलट प्रकार. तेथें अक्षर स्वच्छ, पण नांव ओळखूं येईल तर शपथ! प्रभूचा 'पोरोबो' होतो, कामताचा 'कामोती', भोसल्यांचा 'बोंसुलो', आणि आपल्या श-काराच्या जागीं ते लोक एक्स अक्षर घालतात. दुसरी अडचण काळाची. शालिवाहन शकांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो, हें पुष्कळांना ठाऊक असतें. पण मराठी सनदांतला सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'सीत सबैन अलफ' म्हणजे सहा, सत्तर आणि हजार, अर्थात् १०७६. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे १६७५ सालच्या मृगापासून पुढल्या मृगापर्यंतचें वर्ष निघतें. आणि पोर्तुगीज १५८३ पासून नवें पंचांग वापरीत, तर इंग्रज १७५२ पर्यंत जुनेंच. त्यामुळें एकाच लढाईची बातमी गोव्याच्या पत्रांत आणि कारवारच्या इंग्रज वखारीच्या पत्रांत दहा-अकरा दिवसांच्या फरकानें पडते.

जवळच्या काळासाठीं इतकें लांब जाण्याचें कारण नाहीं. फेरफाराची नोंद, कोतवालाचें जन्म-मृत्यूचें पुस्तक, आणि शाळेचें जनरल रजिस्टर यांत चार पिढ्या मिळतात. शाळेच्या रजिस्टरावर लोकांचा फार विश्वास. तो थोडा आवरता घ्यावा. शाळा जूनमध्यें उघडत, बाप मुलाला हातीं धरून आणी, जन्मतारीख ठाऊक नसे, आणि मास्तर मुलाची चण पाहून सहा वर्षें मागें जाऊन १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. आज कागदोपत्रीं १ जूनला जन्मलेल्यांची जी एवढी गर्दी दिसते तिचें कारण ग्रहयोग नव्हे. वर्षहि खरें असेलच असें नाहीं. कागदाच्या चुका होतात त्या अशा : ज्या गोष्टीसाठीं कागद केला तेवढीच तो जपून लिहितो, बाकीची अंदाजानें. शेतसाऱ्याचा कागद शेताची हद्द बिनचूक देईल, पण शेतकऱ्याचें वय हवें तसें लिहील. म्हणून कोणताहि कागद हातीं आला म्हणजे तो कोणी, कशासाठीं केला हें आधीं विचारावें. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ पासून अस्सल पत्रांचे खंड काढून बखरींच्या मानानें पत्रांचें महत्त्व लोकांना पटवून दिलें, तें यासाठींच.

कागदाचा हा मोह अलीकडे फार वाढला आहे, आणि त्याला कारणहि तसेंच आहे. जातीचा दाखला, वारसा, नोकरी, परदेशचें नागरिकत्व हें सारें आज आजोबा-पणजोबांच्या एका ओळीवर अवलंबून राहतें. गोवा मुक्त होण्यापूर्वीं तेथें जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगालचें नागरिकत्व मिळूं शकतें, म्हणून गोव्यांतल्या नोंदणी-कचेऱ्यांत जुन्या जन्मनोंदींचा शोध चालतो. इकडे महाराष्ट्रांत कुणबी नोंदी शोधण्यासाठीं २०२३ सालीं न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि ज्या मोडीला अडगळ समजत होते ती वाचणारीं माणसें एकाएकीं हवींशीं झालीं. त्र्यंबकेश्वर, गोकर्ण, काशी येथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तर आधींपासूनच होत्या. अशा वह्यांचें मोल जगानेंहि ओळखलें आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीं सूक्ष्मचित्रें अमेरिकेंतल्या युटा येथील वंशावळी-संस्थेनें १९७७ पासून घेतलीं.

इतकें असूनहि कागदांत जीं माणसें मुळींच नाहींत त्यांचें काय? कुलवृत्तांत छापण्याची जी हौस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आली, तिनें मोठें काम केलें हें कबूल. पण ते ग्रंथ उघडून पाहिले तर वंशवृक्षाच्या फांद्यांना केवळ पुरुषच लागलेले दिसतात. मुलगी लग्न होऊन गेली कीं फांदी छाटली. गोव्याच्या महाजनांच्या यादींतहि ती नाहीं, गांवकरीच्या वहींतहि नाहीं. ती सांपडते एका अनपेक्षित ठिकाणीं. पोर्तुगीज दिवाणी कायदा १८६७ चा. तो पुढें गोव्यास लागू झाला. माणूस मेल्यावर त्याच्या मालमत्तेची 'इन्व्हेंतारियु' नांवाची मोजदाद कोर्टापुढें होई, आणि तींत सर्व वारसांचीं नांवें द्यावीं लागत. मुलींचीं, त्यांच्या नवऱ्यांचीं, ते राहत त्या गांवांचीं. हद्दीवरच्या घरांना ही मोठीच सोय आहे. पलतडच्या एखाद्या पणजोबांच्या मोजदादींत 'अमुक मुलगी, नवरा अमुक, राहणार वाडी संस्थान' अशी एक ओळ मिळाली, तर जी पणजी घरच्या वंशावळींत नुसती 'सौभाग्यवती' होती तिला माहेर मिळतें.

आणि ज्यांच्यापाशीं मालमत्ताच नव्हती, ज्यांनीं दुसऱ्याची जमीन कसली, दुसऱ्याचें देऊळ झाडलें, त्यांना कोर्टाची मोजदाद कोठली? देवळाच्या सेवेंत ज्यांचा वंश आईवरून चालला, त्या घरांच्या वांट्याला दप्तरानें बापाचें नांवहि ठेवलें नाहीं. त्यांचा इतिहास तोंडींच आहे. देवळांतलें गाऱ्हाणें ऐकावें. घाडी किंवा गांवकर जेव्हां देवापुढें उभा राहून गाऱ्हाणें घालतो, तेव्हां गांवच्या शिंवेवरच्या जागा, राखणदार, मूळ पुरुष यांची तो क्रमानें आठवण करतो. कित्येक देवळांच्या आवारांत पूर्वस म्हणून एक स्थान असतें. तें मूळ वसाहत करणाऱ्यांचें. त्याचें नांवगांव कोणी सांगूं शकत नाहीं, पण त्याला नारळ ठेवल्याशिवाय कार्य होत नाहीं. हें अंधश्रद्धेंत घालून मोकळें होणें सोपें आहे. गांव कोणी वसविला, कोणत्या क्रमानें वाड्या झाल्या, कोणतें घराणें आधीं आणि कोणतें मागून, याची दुसरी नोंद जेथें नाहीं तेथें या मानपानाच्या क्रमाइतका विश्वासू पुरावा नाहीं. पालखीच्या वेळीं पहिला मान कोणाचा यावरून भांडणें होतात तीं उगीच नव्हत. तें एक प्रकारचें दप्तरच आहे, आणि दप्तरांत कोणी खाडाखोड करूं लागलें कीं माणसें उठणारच.

हें तोंडी दप्तर गांवाच्या जमिनीला बांधलेलें असतें. जमीन गेली कीं त्याचीं पानें सुटतात. तिळारीवर गोवा आणि महाराष्ट्र यांनीं मिळून धरण बांधलें. त्यासंबंधींचा दोन राज्यांचा करार १९९० चा. त्या पाण्याखालीं शिरंगे, पाट्ये, आयनोडे, सरगवे अशा गांवांचीं घरें आणि शेतें गेलीं, आणि माणसें नव्या वसाहतींत आलीं. तेथें त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला तो हाच : कुटुंब कोणतें, वारस कोण, कागद आहे काय? सात-बाऱ्यावर आजोबांचें किंवा त्यांच्याहि वडिलांचें नांव. मध्यें दोन पिढ्यांची वारसनोंद झालेली नाहीं. एक भाऊ मुंबईस गिरणींत गेलेला, एक बहीण पलतडीस दिलेली. अशा वेळीं धरणग्रस्ताचा दाखला मिळण्यासाठीं जी वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते, ती अखेर घरांतल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडूनच येते. ती नांवें घेते तीं वयाच्या क्रमानें नव्हे, घराच्या क्रमानें : वडाकडच्या घरांतला थोरला, ओहोळापलीकडचा धाकटा, पाणंदीवरची विधवा जाऊ. लिहिणारा कारकून विचारतो, वड कोठें? ती सांगते, आतां पाण्यांत. मग तो नांव तेवढें लिहून घेतो, आणि वडाची जागा कोरी राहते.

पाट्येची वसाहत आज 'पाट्ये पुनर्वसन' या नांवानें ओळखली जाते. तेथें जन्मलेलीं मुलें आतां मोठीं झालीं आहेत. त्यांच्यांतला कोणी पणजीस किंवा मुंबईस बिऱ्हाड करील, तेव्हां तिकडचे लोक रिवाजाप्रमाणें त्याला 'पाट्येकर' म्हणतीलहि.